वामननानांच्या मागच्या सीटवर

वामननानांची आणि माझी ओळख भांडणाने झाली आणि ते भांडण अजून मिटलेले नाही. गौरवग्रंथात असे लिहू नये म्हणतात. पण ज्यांनी मला आयुष्यात सर्वाधिक वैताग दिला, त्यांच्या पंचाहत्तरीला मी गोडगोड लिहिले, तर तेच आधी हसतील.

मी पिंप्राळ्यात राहतो. माझी पेट्रोलची गाडी माझ्या प्राध्यापकीपेक्षा जुनी आहे. जळगावात जो तो कारागीर बोनेट उघडायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, "सर, विकून टाका." जे दुरुस्त होऊ शकते ते फेकून देणारा समाज उद्या माणसेही फेकून देईल, हे मी व्यासपीठांवरून ओरडून सांगतो, मग माझीच गाडी भंगारात कशी घालू? कुणीतरी धुळ्याच्या नानांचे नाव सांगितले. वाटेत पारोळ्याला दोनदा रेडिएटरमध्ये पाणी भरत मी त्यांच्या गॅरेजात पोहोचलो.

नानांनी बोनेटला हातही लावला नाही. किल्ली घेतली, स्टिअरिंगवर बसले, मला म्हणाले, "मागे बसा." मी गाडीचा समग्र इतिहास सांगायला सुरुवात केली. त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिले.

"सर, तुम्ही चूप ऱ्हा. गाडीले बोलू द्या."

धुळ्यातल्या गाडीवेड्यांना ही रीत ठाऊक आहे. कोणतीही गाडी दुरुस्तीआधी एकदा आणि नंतर एकदा लळिंग घाटात जाते. काचा खाली, नाना पुढे, मालक मागे, आणि कुणी चकार शब्द काढायचा नाही. परतताना त्यांच्या कानाचे समाधान झाले तर किल्ली मिळते, नाहीतर तुम्ही एसटीने घरी. मी तीन वेळा एसटीने गेलो आहे. ज्याच्या भाषणाला लोक दुरून येतात, त्याला खोकायचीही चोरी!

सर्वांत मोठा अपमान शर्यतीच्या दिवशी झाला. आम्हा जुन्या गाड्यांच्या शौकिनांनी साक्रीजवळच्या माळावर हौशी शर्यत ठरवली होती. पहिला येणार, असे मी आधीच चारचौघांत जाहीर करून बसलो होतो. सकाळी घाट उतरताना नानांनी तीन वेळा ब्रेक दाबला, गॅरेजात आले आणि किल्ली खिशात घातली.

"मशीन बठ्ठं चांगलं शे. ब्रेक खोटं बोली ऱ्हायना."

इंजिन सगळे ठीक आहे, पण ब्रेक खोटे बोलतोय, हे ऐकून मी पेटलो. मालकी हक्क, व्यक्तिस्वातंत्र्य, कारागिरांची हुकूमशाही, या सगळ्यांवर पंधरा मिनिटे बोललो. नाना चाक काढत होते. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा त्यांनी ड्रम खोलून दाखवला. ब्रेकचे लायनर अर्धे सुटून लोंबत होते. ते सुटलेले लायनर त्यांनी कागदात गुंडाळून माझ्या हातात दिले आणि स्वतःच्या जीपमधून मला शर्यत पाहायला नेले. तिथे भोंग्यावरून माझे नाव पुकारले जात होते आणि मी प्रेक्षकांत उसाचा रस पीत उभा होतो. त्या माळावरचा उतार आणि शेवटचे वळण पाहून माझा ग्लास हातातच राहिला. तेव्हापासून ते लायनर माझ्या लिहायच्या टेबलावर आहे.

गेल्या वर्षी मात्र वेगळेच घडले. घाटातून परतताना नाना समाधानाने म्हणाले, "एक नंबर." मला तर पुढच्या उजव्या चाकातून स्पष्ट घरघर ऐकू येत होती. पहिल्यांदाच मी नियम मोडून बोललो. त्यांनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केले.

"सर, माले आते ऐकू येस नही."

पुढच्याच आठवड्यात गॅरेज बंद करणार असल्याचे त्यांनी सांगितले. कानाचे यंत्र घ्या म्हटले, तर उत्तर आले, "त्यात माझाच आवाज मोठा येतो, चाकाचा नाही." न ऐकलेली गाडी गिऱ्हाइकाला द्यायची नाही, यावर ते ठाम. मी चिडलो, विनवले, पुन्हा चिडलो. हात शाबूत, नजर शाबूत, आणि हा माणूस शटर ओढायला निघाला! शेवटी ते वैतागून म्हणाले, "मग तुम्ही या दर रविवारी. इतकी वर्षं मागे बसून काही शिकले असाल तर ऐका."

म्हणून माझ्या रविवारच्या व्याख्यानांचे आयोजक हल्ली नाराज आहेत. मी परक्यांच्या गाड्यांत मागे बसून लळिंग चढतो. नाना गाडी हाकतात. मी डावीकडे काही वाजले तर त्यांच्या डाव्या खांद्यावर थाप देतो, उजवीकडे तर उजव्या. बोलायला बंदी अजून आहेच.

हे छापू का, असे मी त्यांना विचारले. म्हणाले, "छापा. गिऱ्हाईकले माहीत पाह्यजे, गाडी कोण ऐकस."

नाना, तुम्हाला भरपूर आयुष्य आणि ठणठणीत प्रकृती लाभो. ही इच्छा निःस्वार्थी नाही; माझे शिक्षण अपुरे आहे. गेल्या रविवारी मी डाव्या खांद्यावर थाप दिली, आणि तुम्ही चाक खोलून माझ्यापुढे धरलेत. त्यात काहीच बिघाड नव्हता. दगड अडकला होता.

"सर," तुम्ही म्हणालात, "पुन्हा मागे बसा."

बसतो, नाना. तुम्ही फक्त पुढे असा.