विहीणबाईंच्या तुपास घेतलेली हरकत

धरणगावच्या सरकारी कचेरीबाहेर अर्ज लिहिण्यात माझी हयात गेली. शिक्षण सातवीपर्यंतच झाले. तथापि माझ्या हातचा अर्ज साहेबांनी परत फिरविला, असे सहसा घडले नाही. नव्वद सालानंतरच्या एका वर्षी मात्र माझ्याच एका कागदाने माझी लेक मला अंतरली, ती हकिकत येथे नमूद करतो.

लेक शिंदखेड्याजवळच्या खेड्यात दिलेली होती. पहिलेच बाळंतपण, सातव्या महिन्यात तिला माहेरी आणायचे ठरले होते. पाचव्या महिन्यात मी भेटीस गेलो, तेव्हा विहीणबाईंनी डाळ-बट्टीचा बेत केला. बट्ट्या वनस्पती तुपात बुडविलेल्या. जेवण संपेपर्यंत ताटाच्या कडेला पांढरा थर गोठला. लेकीच्या ताटात तर त्यांनी वाटीभर अधिकच ओतले.

"दोन जीवनी शे ती, खावू द्या," असे त्या मायेने म्हणाल्या.

पुढे कचेरीत कामासाठी आलेल्या एका तरुण डॉक्टरांजवळ मी हा विषय काढला. ते म्हणाले, "पोटुशी बाई जे तेल-तूप खाते, त्याचा बाळाच्या रक्तवाहिन्यांवर आणि मोठेपणी हृदयावरही परिणाम होत असावा, असे अभ्यासक आता म्हणू लागले आहेत. पक्के कोणी सांगत नाही. पण वनस्पती बेताने द्यावे, शेंगदाण्याचे तेल बरे. आणि आबा, घरच्यांना गोडीने सांगा."

मी पहिले वाक्य मनात कोरून घेतले; शेवटच्या वाक्याकडे लक्ष दिले नाही. कारण हीच लेक पोटात असताना जळगावहून वनस्पतीचा डबा मीच ऐटीने आणीत असे, आणि तिच्या आईला आग्रहाने वाढायला लावीत असे. लेकीच्या बाबतीत झाले ते नातवाच्या बाबतीत होऊ नये, या एका विचाराने मला झोप येईना.

मी फुलस्केप कागद घेतला. "सदर गर्भवतीस यापुढे वनस्पती तूप देण्यात येऊ नये. कसूर झाल्यास होणाऱ्या परिणामांची सर्वस्वी जबाबदारी आपणांवर राहील." खाली सही केली आणि कागद रजिस्टर पोस्टाने रवाना केला. मजकूर निर्दोष होता, असे मला आजही वाटते.

परंतु खेड्यात रजिस्टर येते ते कोर्टाचे, नाही तर जमिनीच्या तंट्याचे. व्याह्यांनी सही केली, कागद चावडीवर नेला आणि शाळेच्या मास्तरांकडून मोठ्याने वाचून घेतला. बठ्ठ्या, म्हणजे साऱ्या गावाने तो ऐकला.

सातव्या महिन्यात मी लेकीला आणण्यास गेलो, तो विहीणबाई दारातच उभ्या.

"आमी तुमनी पोरले इख घालतस का, व्याही? आते बाळतपण आठेच व्हई." बाळंतपण तिथेच होणार, हे दारातच ठरले.

जेवायला वाढले, पण नुसती भाकरी आणि मिरची. "तूप नका मांगज्यात. तुमनाच हुकूम शे!"

लेक आतल्या दारात कपड्यांची पिशवी बांधून उभी होती. तिने ती हळूच खाली ठेवली.

घरी तिच्या आईने खिडकीखाली खाट टाकून ठेवली होती, घाण्यावरून ताजे तेल आणले होते. त्या तेलात आम्ही दोघे भाजी फोडणीस टाकीत होतो आणि एकमेकांकडे न पाहता जेवत होतो. संध्याकाळी कचेरीसमोर धुळ्याकडून येणारी एस.टी. थांबली की मी लिहिता हात थांबवी. उतरणाऱ्यांत कोणी जडावलेली लेक असे, तिचा बाप पिशवी घेऊन पुढे चाले. तो दिसेनासा होईपर्यंत मी पाहत राही.

नातू झाल्याची तार आली, तेव्हा बाळ आठ दिवसांचे होते. मी गेलो. त्याच्या छातीवर तळहात ठेवला; आत पाखरू धडधडावे तसे काही लागले. लेक हसली.

"आबा, एका साध्या कार्डावर 'मला माझी पोर हवी आहे' एवढंच लिहिलं असतं ना, तर सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी गाडीत बसवून दिलं असतं."

निघताना विहीणबाई ओट्यापर्यंत आल्या.

"दिवाईले लेवाले येज्यात. सोता येज्यात, कागद नका धाडज्यात."

मी मान डोलावली. तेव्हा नुकताच श्रावण लागला होता; दिवाळीला अजून तीन महिने होते.