मालक बसले की इस्टेरिंग थरथरायचं

भूत-भानामती हे आपलं खातं न्हाई. मी मोटारीचा मिस्त्री. गाडी हलली तर तिला कारण असतं, आन् कारण सापडलं न्हाई तर मिस्त्री नालायक असतो. बास. कुणी अंगात येण्याच्या गोष्टी सुरू केल्या की मी चहा अर्धा टाकून उठतो. तरीपण हे लिहून पाठवतोय... वाचा आन् तुमीच ठरवा.

निजामाचा अंमल होता. आमचं दुकान बीडला, मशिदीच्या मागं. तेलगावहून दिंद्रुडकडं जाताना एक गाव लागतं, तिथल्या देशमुखांची मोटार माझ्याकडं असायची. गावाचं नाव सांगत न्हाई, त्यांची नातवंडं हायेत. त्या मोटारीच्या चाकांना लाकडी आरे होते. आमच्याकडचं ऊन खाऊन ते वाळले आन् खुळखुळायला लागले. मुंबईहून चाकं मागवायची तर महिने जाणार, आन् तालुकदारसाहेबांचा, म्हणजे जिल्ह्याच्या कलेक्टरचा, दौरा आठ दिवसांवर आलेला. साहेबाला आपण स्वतः फिरवायचं ही देशमुख मालकांची लई हौस. त्यांनी गावच्या सुताराला, नामाला, हुकूम केला, की लोखंड जुनं ठेव, आरे नवे घाल. बलुतेदार माणूस, न्हाई म्हणायची सोय कुठं? त्यानं बैलगाडीला घालतात तसे बाभळीचे आरे घातले. काम मात्र असं चोख, की मला हेवा वाटला.

मालक नव्या चाकांवर चक्कर मारून आले ते तापूनच. ताशी वीस मैलाच्या पुढं वेग गेला की इस्टेरिंग हातात ऱ्हात न्हाई म्हणे. मला निरोप आला. मी पोचलो तवा नामा गोठ्यापुढं पालथा पडलेला. हंटरनं पाठ सोलून काढलेली, वर माशा बसलेल्या. बाजूला एक ओंडका, आन् त्यावर त्याचाच लाकूड तासायचा वाकस ठेवलेला.

"मिस्त्री," मालक म्हणाले, "चाकात खोट निघाली तर ह्याचा उजवा पंजा ह्या ओंडक्यावर तोडायचा. दिस मावळायच्या आत सांग."

मी जाक लावला. चाक उचलून कडेला खडू धरला आन् फिरवलं. रेघ सगळीकडं सारखी उमटली, म्हणजे चाक वाकडं न्हाई. मग चाकं काढून बसायच्या जागेचा गंज खरवडला, नट समोरासमोरचे धरून आवळले, टायरची हवा बघितली, पुढची चाकं मागं आन् मागची पुढं केली. एवढं करून एकटा गाडी घेऊन गेलो. काटा तीस मैलांवर नेला. गाडी लोण्यासारखी चालली.

मालकांना मागं बसवलं. काटा वीस मैलांवर गेला न गेला तोच इस्टेरिंगनं असा हिसका दिला की माझा अंगठा मुरगळला. वाटलं, वजनाचा फरक असंल. ज्वारीची दोन पोती सीटवर टाकून नेली... काही न्हाई. कारभारी बसला, तो मालकांपेक्षा जाड. काही न्हाई. परत मालक बसले. परत थरथर, दात वाजायला लागले.

आता हे कुणाला सांगायचं? मी म्हणालो, "मालक, तुमी कडंला उभं ऱ्हावा आन् बगा. मी नामाला संगं घेतो."

नामाला कसाबसा उचलून शेजारी बसवला. गाडी पळायला लागली तसा तो म्हणाला, "उस्ताद, समदं तपासलं. लाकूड कोणतं ते इचारलं न्हाई."

"बाभळीचं हाय की बे."

"बांधावरल्या बाभळीचं. माझ्या थोरल्या भावाला मालकानं तिलाच बांधलतं. सकाळधरनं मारला, दुपारी मेला. आऱ्याला मालकानं सागवान दिलतं. म्या ते ठिवून दिलं. ही बाभळ तोडून दोन वरसं वाळत घातलती."

गाडी तवा तीस मैलांवर होती, आन् इस्टेरिंग माझ्या दोन बोटांत होतं.

परत आलो. मी म्हणालो, "चाकात खोट न्हाई, मालक. सुताराचं काम बिनतोड हाय."

"मंग कावून हलतंय बे?"

"तुमी बसला की हलतंय. का ते मला ठावं न्हाई."

हंटर तोंडावर बसला. दुसरा फटका कानाजवळ. ओठ फाटला, एक दात हातात आला. "खोट माझ्यात हाय म्हण की," ते म्हणाले आन् मला ढकलून स्वतः इस्टेरिंगवर बसले. "एकदा बगतोच. हललं तर आदी ह्याचा पंजा, मंग तुझा."

माझा हात दरवाजावर होता. बाभळीचं सांगितलं असतं तर ते उतरले असते. मग नामाला तिथंच उभा चिरला असता हेबी खरं.

मी हात काढला.

ओढ्यापर्यंत गाडी सरळ गेली. मग पुढची चाकं फडफडायला लागली, मालकांचे हात खांद्यापर्यंत हिसडत होते, ते लांबून दिसलं मला. पुलाचा कठडा फोडून गाडी खाली गेली. आमी पोचलो तवा इस्टेरिंगचा दांडा छातीत घुसला होता. ते बराच वेळ घरघरत होते.

पोलिसांचे अमीनसाहेब आले. कारभाऱ्यानं नामाकडं बोट दाखवलं. मी फुटक्या तोंडानं पुढं झालो, खडू धरून चारी चाकं फिरवून दाखवली. रेघ सरळ. एवढ्या आपटीत एकबी आरा तडकला नव्हता. नामाला सोडून दिलं.

आता ब्यालन्सिंगची मशिनं आली. लोक म्हणतात, चाचा, चाकाचा ब्यालन्स नसंल. मग पोती ठेवल्यावर कावून हललं न्हाई? कारभारी बसल्यावर? चाळीस वर्षं गाड्या खोलल्या, ह्याचा जबाब मला मिळाला न्हाई.

आन् लोक हेबी म्हणतात, की चाचा नामासाठी गप्प बसले. मीबी ऐकून घेतो. पण तवा माझ्या तोंडातून रक्त गळत होतं आन् नामा माझ्या ध्यानातबी नव्हता. तो माणूस मरावा, एवढंच मला पाहिजे होतं.