सोळा फुटांची ताडपत्री

“रशीदभाईले आता ऐकू येत नाही वाटते,” वानखडेकाका माझ्या अब्बांकडे बोट दाखवून मोठ्यानं म्हणाले आणि आमच्या दुकानातले लोक हसले. “म्या अठरा फूट सांगतलं, यायनं सोळा कापलं.”

मी तेव्हा बारा वर्षांची होते. शिलाई मशीनमागे बसून नव्या ताडपत्रीत दोर ओवत होते. काकांनी आपल्या कोळशाच्या ट्रकसाठी सोळा फूटच सांगितलं होतं, हे मी स्वतः ऐकलं होतं. अब्बा मान खाली घालून म्हणाले, “माहीच गलती झाली असन.” मी दोर ओवत राहिले.

वणीतलं ते दुकान आता मी चालवते. ताडपत्रीच्या मेणाचा वास आला की अब्बांची ती वाकलेली मान दिसते. म्हणून कात्री लावण्याआधी मी प्रत्येक गिऱ्हाईकाकडून माप वदवून घेते आणि लिहून फोनवर पाठवते. लोक त्याला शिस्त म्हणतात. माझ्या मनात मात्र तो सूड होता, आणि तो एकाच माणसाची वाट पाहत होता.

दुकान माझ्याकडे आल्यापासून काल पहिल्यांदाच वानखडेकाका ट्रकसाठी ताडपत्री घ्यायला आले. “माप तर तुले माहीतच आहे, बेटा.”

दुकान भरलेलं होतं. मी कात्री खाली ठेवली.

“मोठ्यानं सांगा, काका. त्या दिवशी तुम्ही सोळाच म्हणाला होता. मी ऐकलं होतं.”