पालथा रिपोर्ट

दवाखान्यात माझ्याशेजारी येऊन बसताना सुनेने रिपोर्ट मांडीवर पालथा ठेवला.

"आई, स्त्रीबीजांचा साठा वयाच्या मानाने कमी आहे, पण संपलेला नाही. उपचार करता येतील, यात माझा काही दोष नाही, असं डॉक्टर म्हणाल्या," ती खाली बघत म्हणाली.

मला संक्रांतीचं हळदीकुंकू आठवलं. शेजारच्या गरोदर मुलीची ओटी भरताना हिची नजर नको लागायला, म्हणून मी हिला कॉफी करायला आत पाठवलं होतं. ही मुकाट्याने गेली होती. कागद पालथा ठेवायला ती माझ्याच घरात शिकली.

निघताना तिने वाकून माझ्या चपला सरळ करून पुढे ठेवल्या. मला त्यांत पाय घालवेना.