डावीकडची चेन

कारखाना बंद झाल्यापासून आप्पांनी चार महिने पान्याला हात लावला नव्हता. सिंधीपुऱ्यात तीस वर्षं पॉवरलूम दुरुस्त केलेला माझा बाप दिवसभर नुसता बसून राही. म्हणून कॉलेजच्या रोबोटची चाकं मी मुद्दाम त्यांच्याकडून बसवून घेतली. केळीचा घड वाहून नेणारी गाडी होती ती. पसंत पडली तर इंदूरच्या स्पर्धेला जाणार होती. मला मात्र इंदूरपेक्षा आप्पा पुन्हा कामाला लागायला हवे होते.

निवडीच्या दिवशी सकाळी नऊलाच डावी मोटर तापली. मीटर लावला, तर उजवी चार अँपिअर खात होती आणि डावी अकरा. आप्पा हौसेने बघायला आलेले, शेजारीच उभे. अकरा वाजता सर येणार होते. मी वायरी तपासल्या, मग दोन्ही मोटरींची अदलाबदल केली. तरी तापली डावीकडचीच. म्हणजे तासभर मी उगाच मोटरीला शिव्या घालत होते.

शेवटी मोटरीवरून चाकाला जाणारी डावी चेन उतरवली. मीटर झर्रकन दीडवर आला. चेन परत चढवून बोटाने दाबली, तर नव्या विणलेल्या खाटेसारखी ताठ.

“ही कोणी कसली?” उत्तर मला माहीत होतं.

“मीच कसली ना बेटा, काल. मले ढिली लागली. पट्टा ढिला राहिला तं लूम बराबर चालत नाही.”

लूमचा पट्टा ताणूनच बसवतात. त्यांच्या हाताला तीच सवय. चेनला थोडी ढील लागते, नाहीतर सगळा जोर बेअरिंगवर येतो. हे मी आधी सांगायला हवं होतं, सांगितलं नव्हतं. पण साडेदहा वाजले होते आणि माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

“हे लूम नाहीये आप्पा. तुम्ही आता हात लावू नका.”

पाना फडक्याने पुसून त्यांनी माझ्याजवळ ठेवला. मी चेन जराशी ढिली केली आणि डावी मोटर चारवर आली.

अकराला गाडी घड घेऊन व्हरांडाभर चालली. सरांनी इंदूरसाठी नाव लिहून घेतलं. मागे वळून पाहिलं, तर आप्पा निघून गेले होते.

घरी मी माफी मागितली. “बराबर तं बोलली तू,” म्हणाले, आणि जेवत राहिले. मला स्वतःची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी म्हटलं, इंदूरला नेण्याआधी नटबोल्ट तेवढे बघून द्या.

“तूच बघ बेटा. मले त्यातलं काही समजत नाही.”

तीस वर्षं मशीनवर काढलेल्या माणसाला हे बोलायला मी लावलं होतं.