बेलीफाचं बिऱ्हाड

उकंडराव गावंडे यांनी एकोणतीस वर्षं लोकांना घराबाहेर काढलं. ते कोर्टाचे बेलीफ होते. हुकूमनामा घेऊन जायचं, दोन पंच उभे करायचे, सामान रस्त्यावर मांडायचं, दाराला कुलूप घालून किल्ली मालकाच्या हातात द्यायची, हे त्यांचं काम. वणी, केळापूर, पुसद, दारव्हा, जिथं बदली झाली तिथं त्यांनी ते चोख केलं आणि तिथल्या माणसांना मनसोक्त नावं ठेवली. ज्याचं घर जायचं तो त्यांच्या लेखी गाढव, ज्याला मिळायचं तो लबाड, आणि मध्ये कागद घेऊन उभा असलेला आपण तेवढा शहाणा.

स्वतःचं घर त्यांनी बांधलं नाही. ऐपत नव्हती असं नव्हे. पुसदला असताना त्यांच्या बायकोने, इंदूबाईंनी, जागेचा एक तुकडा पाहूनसुद्धा ठेवला होता. उकंडराव म्हणाले, "घर बांधनं म्हनजे जप्तीले पत्ता देनं. ज्याले घरच नाही त्याचं कोन काय काढन?" हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की पुढे वीस वर्षं ते सांगत राहिले. तो तुकडा एका शिंप्याने घेतला.

छप्पन साली यवतमाळ जिल्हा मुंबई राज्यात गेला, आणि सत्तावनमध्ये पंचावन्न वर्षं पुरी होऊन उकंडराव पेन्शनीत निघाले. तेव्हा ते दारव्ह्यात बबनराव लोखंडे यांच्या घरात भाड्याने राहत होते. दोन खोल्या आणि रस्त्याच्या बाजूला ओसरी. बबनराव जुना माणूस होता. भाडं घ्यायचा, पान खायचा, निघून जायचा. एकसष्ट साली तो वारला आणि घर त्याच्या मुलाकडे, घनश्यामकडे आलं. घनश्यामला त्या ओसरीच्या जागी ऑईल इंजिनांचं दुकान काढायचं होतं.

एके दिवशी तो पेढे घेऊन आला. खाटेच्या कडेवर बसला, पायांकडे पाहत म्हणाला, "काकाजी, तुमचं आता वय झालं. लहानशी जागा पाहून घेतली असती तर बरं झालं असतं."

उकंडरावांनी दोन पेढे खाल्ले. मग म्हणाले, "असं असते का रे घर खाली करनं? पेढे देऊन मानूस जात असता तर सरकारनं बेलीफ कायले ठेवले असते? हलवाई ठेवले असते."

आणि त्याला समोर बसवूनच त्यांनी रीत समजावून सांगितली. भाडेकरूला नुसती नोटीस द्यायची तरी आधी भाडेनियंत्रक साहेबांची परवानगी लागते. त्यासाठी कारण लागतं, ते पटवावं लागतं. घनश्यामचा चेहरा उतरत गेला तसतसे उकंडराव खुलत गेले. तो गेल्यावर इंदूबाईंना म्हणाले, "बापाची जागा भेटली, अक्कल नाही भेटली."

घनश्यामने यवतमाळच्या कचेरीत अर्ज टाकला आणि इकडे त्रास द्यायलाही सुरुवात केली. आधी आवारातल्या विहिरीचा दोर आणि रहाट काढून नेला. उकंडरावांनी त्याला नाव दिलं, "पोरकटपना." मग ओसरीच्या पायरीशी दोन म्हशी आणून बांधल्या. शेण, गोमाशा, रात्रंदिवस घंटा. उकंडराव म्हणाले, "म्हशी तरी बऱ्या आनाव्या. ह्या तर खाटकानं वापस केल्यासारख्या दिसतात." शेवटी उन्हाळ्यात माकडांनी फोडली म्हणून मागच्या खोलीवरची कवेलं उतरवली, ती परत घातलीच नाहीत. खोलीतून आभाळ दिसू लागलं.

उकंडराव मात्र रोज सकाळी ओसरीवर खाट टाकून, अडकित्ता हातात घेऊन बसत. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगत की या पोराचं कुठं कुठं चुकून राहिलं आहे. लोक हसत. उकंडरावांना वाटे, मान देतात.

शेजारच्या मास्तरांनी एकदा भीतभीत सुचवलं, "मारेगावले पोरगी हाये ना तुमची? जा ना तिच्याकडे."

"पोरीच्या घरी जावयाचं तोंड पाहून भाकर मागाची?" उकंडराव म्हणाले. "तुमच्यासारखा मी मास्तर नाही."

बाजाराच्या दिवशी लोक आपापसांत म्हणत, म्हातारपणी बिचाऱ्याचे हाल आहेत. ते कानावर आलं की उकंडरावांना किळस येई. बिचारा हा शब्द त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांसाठीसुद्धा वापरला नव्हता. वणीला एका बाईचं घर खाली करताना ती चुलीला मिठी मारून बसली होती. तिला चुलीसकट उचलून बाहेर ठेवल्याची गोष्ट ते जेवताना रंगवून सांगत, पाहुण्यांना, शेजाऱ्यांना, खुद्द घनश्यामच्या बापालाही त्यांनी ती सांगितली होती.

बासष्टच्या जूनमध्ये अर्जाच्या सुनावणीची शेवटची तारीख होती. उकंडराव नोकरीतला काळा कोट घालून सकाळच्या गाडीने यवतमाळला गेले. घनश्यामच्या वकिलाने जागेची किती नड आहे यावर अर्धा तास भाषण केलं. उकंडराव उठले आणि एकच वाक्य बोलले, की बाजारओळीत घनश्यामचं एक दुकान कुलूप लावून पडलं आहे, साहेबांनी माणूस पाठवून पाहावं. वकील घनश्यामकडे पाहू लागला. हे त्याला त्याच्या अशिलाने सांगितलंच नव्हतं. अर्ज नामंजूर झाला.

परतीच्या गाडीत उकंडरावांना अंग हलकं वाटत होतं. स्टेशनवर उतरून त्यांनी पावभर बुंदीचे लाडू घेतले. संध्याकाळी घरी आले तर इंदूबाई ओसरीवर बसल्या होत्या. शेजारी एक पेटी, एक वळकटी आणि फडक्यात बांधलेली भांडी.

"नामंजूर झाला," उकंडराव म्हणाले. "आता ब्रह्मदेव आला तरी आपल्याले इथून हालवत नाही."

"बरं झालं," इंदूबाई म्हणाल्या. "राहा मंग तुमी."

"म्हनजे?"

"मी खोली घेतली. दिग्रसच्या रस्त्याले बंजाऱ्यायचा तांडा हाये ना, तथी बिजलीबाईच्या घरी. गाडीवाल्याले सांगतलं, येतच असन."

"मले न इचारता?"

"तुमी मले कधी इचारलं, पानी कुठून येते?" इंदूबाईंचा आवाज चढला नव्हता. "सहा महिने झाले, तेलीपुऱ्यातून आनून राह्यली. होळीच्या टायमाले तथल्या पायरीवर पडली. हात हा एवढा सुजला होता. तुमी त्या दिवशी मास्तरले सांगून राह्यले होते, घनश्याम कसा अडानी हाये ते."

उकंडरावांनी लाडूची पुडी खाटेवर ठेवली.

"आन् ते वणीच्या बाईची गोष्ट. चुलीवाली. वीस वर्सं ऐकली मी. लोक हासत होते. मी कधी हासली, आठवते तुमाले?"

त्यांना आठवेना. ते इंदूबाईंच्या तोंडाकडे पाहत राहिले. रडणारी माणसं त्यांनी शेकड्यांनी पाहिली होती, त्यांच्याशी कसं बोलायचं हे ठाऊक होतं. पण इंदूबाई रडत नव्हत्या. ती नजर उकंडरावांच्या ओळखीची होती, कारण ती त्यांची स्वतःची होती. सामान रस्त्यावर ठेवल्यावर कुणी हातापाया पडू लागला की ते त्याच्याकडे असेच पाहत. आपल्याकडे असं कुणी पाहिलेलं त्यांना आठवत नव्हतं.

गाडी आली. इंदूबाई बसून गेल्या. लाडूची पुडी खाटेवर तशीच राहिली, सकाळपर्यंत मुंग्या लागल्या.

उकंडराव हट्टाने तिथंच राहिले. भाकर थापता येईना, म्हणून डाळभात शिजवून खात. पाऊस लागला तशी मागची खोली भिजून गेली आणि ते पुढच्या खोलीत आले. घनश्याम आता आणखी काहीतरी करील, मग आपण दुसरा अर्ज लिहू, याची ते वाट पाहत होते. पण घनश्यामने म्हशी सोडून नेल्या. विहिरीवर दोरही परत लावला. एकदा रस्त्याने जाताना थांबला, रामराम केला आणि म्हणाला, "राहा निवांत, काकाजी. घाई नाही."

त्या 'घाई नाही'ने उकंडराव आतून थंड पडले. पोराने हिशेब केला होता, एकटा म्हातारा, गळकी खोली, असा किती पावसाळे काढील. कागद नाही, पंच नाहीत, नुसती वाट पाहायची. इतक्या दिवसांत घनश्यामचं हे पहिलंच काम होतं ज्यात त्यांना खोट काढता येईना.

तिसऱ्या आठवड्यात ते स्वतःच तांड्यावर गेले. बिजलीबाई पन्नाशीची, हाडापेराने मोठी, अंगणात गोधडी शिवत बसली होती. तिने त्यांना बसायला सांगितलं नाही.

"तुमी बेलीफ होते म्हने."

"होतो."

"आमच्या तांड्यात बेलीफाले काई काम नाही. इथं कोनाच्या घराचे कागदच नाहीत." तिने दोरा दाताने तोडला. "बाईचं न् माहं बोलनं झालं हाये. तुमी रायले तरी भाडं तेच. पन सकाळी दारात बसून लोकायले नावं ठेवाची नाही. आन् माहा अमरसिंग नागपूरच्या मिलमधून वापस आला की खोली त्याची. दोन रोज आंधी सांगन, मंग थांबाचं नाही."

"कायद्यानं असं करता येत नाही," उकंडराव बोलून गेले.

आतून इंदूबाईंनी मान वर करून पाहिलं. उकंडरावांनी तोंड मिटलं आणि चपला काढल्या.

खोली त्यांना भिकार वाटली, तांडा घाणेरडा वाटला, तिथली बोली म्हणजे भांडण वाटलं. ते सारं ते इंदूबाईंना हळू आवाजात सांगत. इंदूबाई ऐकत की नाही कळत नसे. त्या आता बिजलीबाईसोबत गोधड्या शिवत, आणि त्या दोघी बोलू लागल्या की मधेच हसत. तांड्यातली माणसं उकंडरावांना डोकरा, म्हणजे म्हातारा म्हणत. बेलीफसाहेब कुणी म्हणत नसे.

चौसष्टला अमरसिंग बायकोला घेऊन परत आला. बिजलीबाईने कबूल केल्याप्रमाणे दोन दिवस आधी सांगितलं. मग दारव्ह्यातच एका कासाराच्या माडीखाली आठ महिने, तिथं लग्न निघालं म्हणून पुढे एका पिठाच्या चक्कीमागची खोली. चक्की सुरू झाली की भिंत थरथरे आणि अंथरुणावर पांढरी धूळ बसे. उकंडराव चक्कीवाल्यालाही मूर्ख म्हणत. खोकला लागला तरी म्हणत. सहासष्टच्या थंडीत तिथंच ते गेले. मारेगावहून लेक आणि जावई आले, तेरवी करून परत गेले. जावयाने चला म्हटलं. लेक नुसती उभी होती. इंदूबाईंनी नाही म्हटलं.

नवऱ्याबरोबर पेन्शन बंद झाली. चक्कीवाला तेरवीच्या दुसऱ्याच दिवशी दारात येऊन उभा राहिला, खोलीचं काय करायचं ते विचारायला. इंदूबाई म्हणाल्या, "भाडं माह्यापाशी नाही. चक्की झाडून देतो, दळन चाळून देतो. जमत असन तर सांग, नाही तर नाही म्हन."

तो बरं म्हणाला. कुणी काही लिहून दिलं नाही. एकोणसत्तरपर्यंत तरी इंदूबाई त्याच खोलीत होत्या.