सुरूच्या झाडाचा पाइन

मुलगी नववीत गेल्यापासून मला काही विचारेनाशी झाली होती. गणित मोबाइलला विचारायची, इंग्रजी मैत्रिणीला, आणि बाबाला फक्त वायफायचा पासवर्ड. अंबरनाथच्या कारखान्यात माझ्या सहीशिवाय माल हलत नाही. कात्रपच्या घरात मला विचारतो कोण! म्हणून एका शनिवारी ती जेव्हा म्हणाली, "बाबा, शाळेत दोन फांद्या न्यायच्यात. एक फुलवाल्या झाडाची, एक जिम्नोस्पर्मची. कुठे मिळतील?" तेव्हा मला आनंद लपवता आला नाही.

"सोप्पं आहे," मी म्हणालो. काही माहीत नसलं की मी हेच म्हणतो. मग ती अंघोळीला गेल्यावर गुपचूप तिचं पुस्तक चाळलं. फुलझाडांचं बी फळाच्या आत झाकलेलं असतं. जिम्नोस्पर्मना फूल नाही, फळ नाही, बी शंकूच्या खवल्यांवर उघडंच. चित्रात पाइन होता. सुयांसारखी पानं, लाकडी शंकू. अरे, असली झाडं तर आमच्या कारखान्याच्या कॉलनीत रांगेने उभी आहेत! नाताळात त्यांनाच आम्ही चांदण्या लटकवतो.

सोमवारी शंकूंसकट फांदी आणली, सोबत जास्वंदीची. वर हिमालय, बर्फ आणि राळ यांवर व्याख्यान झोडलं. हिमालय मी कॅलेंडरवर पाहिलाय.

बायको म्हणाली, "अहो, हे सुरूचं झाड. अलिबागच्या किनाऱ्यावर ढीगभर असतात."

"तू यात पडू नकोस," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मुलगी बूट न काढताच घरात आली. "बाबा, काय पण फेकता! ते फुलवालंच झाड आहे. टीचरने ती सुई ओढली, तर सांध्यावर तुटली. ती पानं नाहीतच, बारीक डहाळ्या आहेत! पानं एवढीशी, सांध्यावर दातांसारखी. फुलंपण बारीक. आणि तुमच्या त्या शंकूतलं एकेक बी छोट्या फळात पॅक. पूरा क्लास हसला माझ्यावर!"

"कॉलनीवाल्यांनी झाडच चुकीचं लावलंय," मी म्हणालो.

तिने आत जाऊन दार लावून घेतलं. मला फार वाईट वाटलं. वर्गात हसं झालं ते ती विसरली असती, पण आता ही मला पुन्हा काही विचारणार नाही, या विचाराने जेवण गेलं नाही. एवढा मोठा अधिकारी, आणि एका झाडापुढे गप्प बसता आलं नाही!

पुढच्या रविवारी मी चहा पीत होतो. ती सोसायटीच्या गेटजवळच्या मोरपंखीची फांदी घेऊन आली. चपट्या हिरव्या पंख्यांत शिंगं फुटलेली निळसर बोंडं होती.

"हे कशात येतं, बाबा?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. पुराणकाळापासून आजवरचं सगळं. ते चहाच्या घोटाबरोबर गिळलं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. "पक्का?"

"पक्का."

"मग फोडून बघू," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली.